अ-वर्गाची लीख

"या पृथ्वीतलावर जे जे चिकटतं, ते ते सुटतं. माणसाला फक्त योग्य द्रावक सापडावा लागतो."

चिकटरावांनी हा सिद्धान्त एका गुरुवारी संध्याकाळी मांडला, तेव्हा त्यांच्या मांडीवर एक नवाकोरा स्टीलचा डबा पालथा पडला होता आणि त्याच्या बुडावरचं लेबल ते पाऊण तास नखाने खरवडत होते. लेबल निघालं नव्हतं. पण थोर सिद्धान्तांना असली किरकोळ उदाहरणं लागू होत नाहीत.

चिकटराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गोंदाच्या कारखान्यात तपासणी विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? दोन वस्तू चिकटवायच्या, यंत्राच्या चिमट्यात धरून ओढायच्या आणि किती जोर लावल्यावर त्या एकमेकींचा नाद सोडतात ते नोंदवहीत लिहायचं, हे त्यांचं काम. कारखान्यात सर्वांत वरची प्रत अ-वर्गाची. तिची व्याख्या अशी की ओढल्यावर वस्तू तुटली पाहिजे, जोड नाही. बावीस वर्षांत असा जोड त्यांना एकदाच दिसला, आणि तोही स्वतःचा अंगठा टेबलाला चिकटला तेव्हा. त्या टेबलाचा एक कोपरा आजही नाही.

त्या संध्याकाळी सिद्धान्ताला श्रोते दोनच होते. बायको एका छापखान्यात मुद्रितशोधक. ती लाल पेन घेऊन शेतीच्या अवजारांवरच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होती. नऊ वर्षांची मुलगी, जिला घरात सगळे बबडी म्हणत, ती उजव्या हाताने गणित सोडवत होती आणि डाव्या हाताने डोकं खाजवत होती.

"बबडे, इकडे ये," बायको म्हणाली. पेन खाली न ठेवता तिने बबडीची मान दिव्याखाली वळवली, कानामागचे केस बाजूला केले आणि एका पांढऱ्या ठिपक्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"अनुस्वार आहे," ती म्हणाली.

चिकटराव म्हणाले, कोंडा असेल. बायकोने ठिपक्याला नखाने टिचकी मारली. ठिपका जागचा हलला नाही. कोंडा असता तर उडाला असता, असं तिने शांतपणे सांगितलं. ही लीख आहे, आणि तिच्या शेजारून जो स्वल्पविराम चालत निघालाय ती ऊ.

आपल्या घरात? चिकटरावांनी हे अशा स्वरात विचारलं, की ऊ ऐकत असेल तर तिला लाज वाटून ती निघून जावी. ते म्हणाले, आपण रोज आंघोळ करतो, उशांचे अभ्रे धुतो, गेल्याच महिन्यात भिंतींना रंग दिलाय. बायको म्हणाली, त्यांना आंघोळीचं काही नसतं. धुतलेलं डोकंही चालतं, न धुतलेलंही चालतं. डोक्याला डोकं लागलं की झालं.

मग बबडीच्या दप्तराच्या तळाशी, टिफिनच्या तेलाने पारदर्शक झालेली शाळेची चिठ्ठी मिळाली. ती तीन दिवस जुनी होती. पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. येत्या दोन सोमवारी तपासणी होईल. दुसऱ्या सोमवारीही काही आढळल्यास केस कानापर्यंत आखूड करून आणावेत. तपासणीस येताना उवा गेल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला सोबत आणावा.

बबडीची वेणी कमरेखाली जात होती. चौथ्या वर्षापासून तिने ती वाढवली होती. वर्गात दुसऱ्या कोणाची वेणी बाकावर बसताना उचलून घ्यावी लागत नसे. चिठ्ठी वाचून झाली तेव्हा तिने वेणी दोन्ही हातांनी पुढे घेऊन पोटाशी धरली होती. बायको म्हणाली, चिठ्ठीत काही चूक नाही. दोन सोमवार मिळताहेत, नाही जमलं तर कापायचे. केस काय, पुन्हा येतात. एवढं बोलून ती फडकं आणायला आत गेली.

तेवढ्यात बबडी हळू आवाजात बापाला म्हणाली, "बाबा, तू दिवसभर चिकटवतोस आणि सोडवतोस ना? मग हे सोडव. पण कापू देऊ नकोस."

माणसाच्या आयुष्यात व्यवसायाची कसोटी घरात लागण्याचे प्रसंग फार थोडे. चिकटरावांनी लेबलासकट डबा बाजूला ठेवला आणि शब्द दिला.

शुक्रवारी ते कारखान्यात गेले तेव्हा खिशातल्या पाकिटात बबडीचे सात केस होते, प्रत्येकावर एकेक लीख. पाकिटावर त्यांनी 'जैविक नमुना' असं लिहिलं होतं, कारण 'लिखा' असं लिहिण्याइतकं मोठं मन अजून झालं नव्हतं.

पहिला केस त्यांनी यंत्राच्या चिमट्यात धरला. एक चिमटा केसाला, दुसरा लिखेला. यंत्र सुरू केलं. केस तुटला. लीख होती तिथेच होती.

दुसरा केस लावला. केस तुटला. तिसरा. केस तुटला.

त्यांनी नोंदवही उघडली आणि वर्गाच्या रकान्यात 'अ' लिहिला. मग कपाटातले अकरा द्रावक एकेक करून काढले. पहिल्या दहांत लीख पोहली म्हणा, डुंबली म्हणा, सुटली नाही. अकरावा फार जालीम होता. तो हातमोजे घालून वापरायचा. त्यात केस विरघळून गेला आणि लीख तेवढी तळाशी शाबूत सापडली, विरघळून गेलेल्या केसाचा आकार अजून कवटाळून.

यावर माणूस दोनच गोष्टी करू शकतो. रागावू शकतो किंवा नमस्कार करू शकतो. चिकटरावांनी सूक्ष्मदर्शकावर लीख ठेवली आणि भिंगाला डोळा लावला. नंतर बराच वेळ त्यांना कोणी हाक मारली असती तर ऐकू आली नसती. थेंबासारखं घडीव अंडं. केसाभोवती बसवलेली, कुठेही फट नसलेली नळी. वर टोपण, आणि टोपणाला आतल्या बाळाला हवा मिळावी म्हणून इवलीशी भोकं. भोकंसुद्धा ओळीने. ज्या कारखान्यात डब्याचं टोपण नीट बसवायला समिती नेमावी लागली होती, त्या कारखान्यात बसून ते हे बघत होते.

"नमुना कुठला?" मागून आवाज आला. मुख्य रसायनतज्ज्ञ, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. तीस वर्षांत त्यांनी कशाची स्तुती केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. चिकटराव बाजूला झाले. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला.

"कोणी बनवलाय हा जोड?"

"एका मादीने," चिकटराव म्हणाले. मग खोटं बोलणं जमेना म्हणून त्यांनी सांगून टाकलं, "ऊ आहे, बाई. आमच्याच घरची."

बाईंनी डोळा काढला नाही. तसंच बघत त्या म्हणाल्या, "प्रयोगशाळा नाही, भट्टी नाही, अनुदान नाही. पोटातून काढते आणि चालत्या माणसाच्या केसावर लावते." मग कपाळावरचा चष्मा तसाच ठेवून त्यांनी दारातून सगळ्या विभागाला हाक मारली.

विभाग आला. सूक्ष्मदर्शक एक आणि माणसं सहा. प्रत्येकाला आधी बघायचं होतं, आणि बघून झालेल्याला हटायचं नव्हतं. त्या अर्ध्या तासात सहा डोकी एकमेकांना कशी भिडली होती, हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवला नाही तरी चालेल. उवांनी ठेवला.

सिद्धान्त बुडाला होता, पण दाखला उरला होता. शनिवारी सकाळी चिकटराव विभागीय आरोग्य कार्यालयात गेले. तिथला कारकून सज्जन होता. त्याच्याकडे फक्त एकाच प्रकारचा अर्ज होता. उपद्रवाचा प्रकार: उंदीर, भटकी कुत्री, डास, मधमाश्या, इतर. चिकटरावांनी 'इतर'वर खूण केली. उपद्रवाचं स्थळ? चिकटरावांनी सांगितलं, डोकं. कारकुनाने रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. तळघर होतं, जिना होता, गच्ची होती, डोकं नव्हतं. त्याने थोडा विचार करून 'सर्वांत वरचा मजला' असं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. अंदाजे संख्या? चिकटरावांना ठाऊक नव्हती. मग 'असंख्य' लिहितो, असं तो म्हणाला. रकाना रिकामा ठेवता येत नाही. दाखला पाहणीनंतरच मिळतो, हे त्याने शेवटी सांगितलं. पाहणी कधी होते, असं विचारल्यावर तो नुसता हसला.

त्या कार्यालयाच्या इतिहासात एखादा अर्ज त्याच दिवशी मार्गी लागल्याची ही पहिलीच वेळ असावी. दुपारी चार वाजता, पिवळे कोट घातलेले चार जण, पाठीवर धुराची नळकांडी आणि हातात कागद घेऊन इमारतीत शिरले आणि थेट सर्वांत वरच्या मजल्यावर गेले.

सर्वांत वरच्या मजल्यावर इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष राहत. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि त्यांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं एकही केस नव्हता.

त्या संवादाचा पूर्ण मजकूर उपलब्ध नाही. जिन्यात उभ्या असलेल्यांनी सांगितल्यानुसार पथकप्रमुखाने अध्यक्षांना कागद वाचून दाखवला. अध्यक्षांनी स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं. पथकप्रमुख म्हणाला की ते दिसतंय, पण कागदावर 'असंख्य' आहे. अर्जदाराचं नाव वाचल्यावर अध्यक्ष खाली आले. त्यांच्यामागे पथक, पथकामागे तिन्ही मजले. चिकटरावांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या एका हातात भिंग होतं, दुसऱ्या हातात बबडीची वेणी, आणि जिनाभर माणसं.

"यांच्याकडे आहेत," अध्यक्ष म्हणाले. न्यायालयातही ते एवढंच आणि असंच बोलत, म्हणे.

पथकाने वेणीची पाहणी केली. डोक्यावर धूर मारणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं, आणि न मारता परत गेल्याचं कारण लिहायलाही रकाना नव्हता, म्हणून त्यांनी जिन्यात थोडा धूर सोडला आणि दाखला न देता निघून गेले.

मग सल्ले आले. समोरच्या काकूंनी रॉकेलची बाटलीच आणली होती. बायकोने ती दारातूनच परत केली, पोरीचं टाळकं भाजेल म्हणाली. काकू रागावल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी रॉकेलच लावत, असं त्या म्हणाल्या, आणि उवा जायच्या का, असं विचारल्यावर त्यांना ते काही आठवेना. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं की गोड रक्ताला उवा जास्त लागतात. कोणी म्हणालं, सगळ्या गाद्या जाळा. चिकटराव प्रत्येकाला नम्रपणे सांगत होते की उवेला उडी मारता येत नाही, पंख नाहीत, ती नुसती चालते, आणि नुसतं चालून तिने सगळी माणूसजात काबीज केली आहे. जरा विचार करा. लोक विचार न करता दोन पायऱ्या मागे सरकत होते.

रविवारी दुपारी सगळं शांत झाल्यावर बायकोने काम हाती घेतलं. औषधाच्या दुकानातून आणलेली बारीक दातांची धातूची फणी, मगभर कंडिशनर, पांढरं फडकं आणि तिचा कामाचा दिवा. केस ओले करून कंडिशनर चोपडला, मग चाप लावून डोक्याचे भाग पाडले. त्यांना ती परिच्छेद म्हणत होती. एकेका परिच्छेदातून एकेक ओळ, मुळापासून टोकापर्यंत, प्रत्येक वेळी फणी फडक्याला पुसून.

"पण सुटत नाही गं ती," चिकटराव म्हणाले. "मी अकरा द्रावक वापरले."

"सोडवतंय कोण?" बायको म्हणाली. नखांच्या चिमटीत लीख धरून ती केसावरून खाली, खाली, अगदी टोकापर्यंत सरकवत होती. टोकाशी केस संपला आणि लीख फडक्यावर पडली, अख्खी, आपला जोड सोबत घेऊन.

चिकटराव बघतच राहिले. बावीस वर्षं त्यांनी ओढून पाहिलं होतं, बुडवून पाहिलं होतं, तापवून पाहिलं होतं. वस्तू जिथे संपते तिथपर्यंत धीराने सरकवत न्यावं, हे त्यांच्या नोंदवहीत कुठेही नव्हतं. त्यांना बायको एकाएकी फार उंच दिसू लागली, जरी ती स्टुलावर बसली होती. तीन तास चाललं. चिकटराव भिंग धरून, बबडीच्या डोक्याला डोकं लावून वाकले होते आणि मधूनमधून दाद देत होते. बबडी एकदाही हलली नाही.

सोमवारी शाळेच्या परिचारिकेला लीख एकही मिळाली नाही. मोठ्या, चांगल्या पोसलेल्या उवा दोन मिळाल्या.

बायकोने बुधवारी पुन्हा सगळं डोकं वाचलं. तीन उवा निघाल्या, बाकी स्वच्छ. शुक्रवारी पुन्हा दोन. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, एकदम वयात आलेल्या. शेवटचं मुद्रित तपासून पाठवावं आणि छापून आलेल्या पानावर नव्या चुका असाव्यात, तशी तिची अवस्था झाली. ती जेवेना. शेतीच्या अवजारांच्या पुस्तकात तिने नांगराला दोनदा पेरणीयंत्र होऊ दिलं. घरात कात्रीचं नाव कोणी काढत नव्हतं, आणि बबडी शाळेतून आली की वेणी पोटाशी धरूनच गणिताला बसत होती, शेजारी बाप, दोघांची डोकी एका वहीवर.

शनिवारी संध्याकाळी ती दोघं तशीच बसली होती. बायको दारातून बघत होती. बघता बघता तिने लाल पेनाला टोपण लावलं.

"माझ्या हातून तीच चूक झाली," ती म्हणाली. "पंधरा वर्षांत तीन वेळा झालीय. बारीक टाइप अक्षर न् अक्षर वाचायचा आणि वरचा मोठा मथळा वाचायचाच नाही. एवढ्या मोठ्या अक्षरात कोणाची चूक असेल, असं वाटतं."

"कुठला मथळा?" चिकटरावांनी विचारलं.

"कुटुंबप्रमुख, स्टुलावर बसा."

एकोणपन्नासाव्या वर्षी चिकटरावांचे केस दाट होते, आणि न्हावी गिऱ्हाइकांना त्यांचं उदाहरण देत असे. ते म्हणाले, मला खाजसुद्धा येत नाही. बायको म्हणाली, पुष्कळांना येत नाही. पहिला परिच्छेद उघडताच तिने दिवा जवळ ओढला. मग तिने बबडीला बोलावून दाखवलं. बबडी म्हणाली, बाबा, तुझ्याकडे तर शाळा भरलीय.

माणूस अशा वेळी संतापतो, असं म्हणतात. चिकटरावांनी भिंग मागितलं. ज्या कारागिरांपुढे त्यांनी आठवडाभर मान तुकवली होती, त्यांचा कारखाना त्या तुकवलेल्या मानेवरच चालू होता, आणि तो पूर्ण क्षमतेने. अपमान तर होताच. पण इतक्या जवळून इतकं मोठं काम चाललं असताना आपल्याला पत्ता लागू नये, याचा अचंबा त्याहून मोठा होता. त्यांनी फडक्यावर पडलेल्या उवा भिंगातून पाहिल्या. सहा पाय, प्रत्येकाला आकडा, आकडा बरोबर केसाच्या जाडीचा. कुठल्या मापाने घेतला असेल, असं ते पुटपुटले. बायको म्हणाली, मान खाली.

मग त्यांना सूक्ष्मदर्शकाभोवतीची सहा डोकी आठवली. रविवारी सकाळी त्यांनी मोठ्या बाईंना फोन केला. ते सुरुवात करणार तोच बाई अतिशय औपचारिक आवाजात म्हणाल्या की जैविक जोडाबाबत विभागात सर्वांचा प्रत्यक्ष अनुभव वाढला आहे, आणि पुढचा अभ्यास प्रत्येकाने आपापल्या घरी करायचं ठरलं आहे. फणी कुठल्या दुकानात मिळते, एवढं त्यांनी विचारलं. चिकटरावांनी सांगितलं, आणि सरकवायची पद्धतही सांगितली. "सरकवायचं," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं."

रविवारी दिवसभर बायकोने दोन्ही डोकी आलटूनपालटून वाचली, मग स्वतःचं बबडीकडून वाचून घेतलं. बबडीने दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्याच आवाजात, गोड रक्त नाही तुझं, असा निकाल दिला.

सोमवारी चिकटराव अर्धी रजा टाकून शाळेत गेले आणि परिचारिकेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. आत दिवा लावल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. एखादा जोड यंत्रात ओढला जात असताना ते जसा श्वास धरत, तसा त्यांनी धरला होता. परिचारिका दारात आली. काही नाही, निर्मळ आहे, ती म्हणाली, आणि एवढे लांब केस इतके स्वच्छ तिने आजवर पाहिले नव्हते, कोणी केले? चिकटराव म्हणाले, आमच्या घरी वाचतात. दाखल्याबद्दल तिने विचारलंच नाही. तिने स्वतःच एका कागदावर लिहून शिक्का मारला.

बापलेक फाटकातून बाहेर पडले. बबडीची वेणी पाठीवर मोकळी झुलत होती, अकरा दिवसांनंतर पहिल्यांदाच. चिकटराव म्हणाले, बबडे, दीड आठवड्यात आपण केवढं पाहिलं. जगातला सर्वांत पक्का जोड पाहिला. तो तुझ्या आईने नुसत्या नखांनी हरवला, तेही पाहिलं. तू तीन तास हलली नाहीस, अशी माणसं मी कारखान्यातही पाहिली नाहीत. ही वेणी आता नुसती वेणी नाही. मोठी झालीस की ती तुझ्या लेकरांना दाखव.

बबडी ऐकत चालली होती. कोपऱ्यावरच्या सलूनपाशी तिची पावलं हळू झाली. तिने बापाचं बोट धरलं.

"बाबा," ती म्हणाली, "आता कापायलाच पाहिजेत असं कोणी म्हणत नाहीये ना? मग चल ना, कानापर्यंत कापून येऊ. मानेला फार उकडतं."